माझ्या लॅपटॉपवर चालतं, पॅकहाऊसच्या पीसीवर अडतं: लायब्ररी सोबत बांधून देण्याची भानगड

लक्षण नेहमी एकाच थाटाचं असतं. द्राक्षाच्या क्रेटवर चिकटवायची लेबलं छापणारा एक छोटा ओपन सोर्स प्रोग्रॅम मी दिंडोरी-निफाडकडच्या काही पॅकहाऊसमध्ये टाकून देतो. पायथॉनमध्ये लिहिलेला आहे. शेतकऱ्याचं नाव, गाव, प्लॉट नंबर, वजन आणि खाली बारकोड, एवढंच त्याचं काम. कॉलेज रोडला माझ्या लॅपटॉपवर झकास चालतो. पॅकहाऊसच्या पीसीवर आयकॉन दाबला की पांढरी खिडकी उघडते: अमुक डीएलएल सापडत नाही, प्रोग्रॅम पुन्हा टाकून पाहा. डीएलएल म्हणजे विंडोजवरची लायब्ररी, प्रोग्रॅमने आयता वापरायचा तयार कोड. पुन्हा टाकून काहीही होत नसतं. मग त्या खिडकीचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो येतो आणि खाली, 'सर, परत तेच झालं.'

हंगाम ऐन भरात असतो, बाहेर गाड्या लागलेल्या असतात. तिथे जो कोणी कॉम्प्युटरमधलं थोडंफार जाणतो तो गुगलवर त्या डीएलएलचं नाव टाकतो, मिळेल तिथून उतरवून विंडोजच्या फोल्डरमध्ये ढकलतो आणि काम चालू करून देतो. पुढच्या वर्षी पीसी फॉरमॅट होतो, किंवा हिशेबाच्या टेबलावरचा दुसरा पीसी लेबलच्या कामाला लागतो, आणि येरे माझ्या मागल्या. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. म्हणून अडलेला पीसी दुरुस्त करत बसायचं नाही, आपण बांधून दिलेला गठ्ठा (प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एकत्र असलेला फोल्डर) दुरुस्त करायचा, हा माझा या कामातला पहिला नियम. गठ्ठ्यात काय राहून गेलं ते ती खिडकीच सांगत असते. ते बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये टाका, नवा गठ्ठा काढा आणि तोच सगळीकडे द्या.

'पिपने टाकून घ्या' (पिप म्हणजे पायथॉनच्या लायब्ररी नेटवरून उतरवणारं साधन) हे उत्तर इथे कामाचं नाही. पॅकहाऊसच्या पीसीला बहुतेक वेळा नेट नसतं, ॲडमिनचा पासवर्ड अकाउंटंटकडे असतो आणि समोर बसलेल्या सुपरवायझरला पायथॉनशी काही देणंघेणं नसतं, आणि नसावंही. त्याला पेनड्राइव्हवरून एक फोल्डर कॉपी करता यावं, बस्स.

आधी खिडकीतलं नाव पूर्ण वाचा

फोटो तिरका चालेल, पण डीएलएलचं नाव शेवटच्या आकड्यापर्यंत दिसलं पाहिजे. एका आकड्यात इलाज बदलतो.

व्हीसीरनटाइम१४० किंवा एमएसव्हीसीपी१४० असं काही असेल, तर तो मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅम चालताना लागणाऱ्या लायब्ररींचा संच. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून पुढच्या कंपायलरने (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन) बांधलेल्या सी++ प्रोग्रॅमना तो लागतो. डेव्हलपरच्या मशीनवर कोणत्या तरी दुसऱ्या सॉफ्टवेअरने तो आधीच आणून ठेवलेला असतो, म्हणून आपल्याला त्याची कधी आठवणही होत नाही. यात एक खोच आहे. व्हीसीरनटाइम१४०_१ ही वेगळी फाइल २०१९ च्या कंपायलरपासून आली आणि ती फक्त ६४-बिटला लागते. ज्यांनी २०१५ चा रनटाइम कधीकाळी टाकून ठेवलाय त्यांच्याकडे पहिली फाइल असते, दुसरी नसते. 'रनटाइम आहे की आमच्याकडे' हे त्यांचं म्हणणं खरं असतं आणि प्रोग्रॅम तरीही उघडत नाही.

पायथॉन स्वतःसोबत व्हीसीरनटाइमच्या या दोन्ही फाइल आणतो, एमएसव्हीसीपी मात्र आणत नाही. त्यामुळे सी++ मध्ये लिहिलेलं एखादं मॉड्यूल प्रोग्रॅममध्ये नव्याने आलं की कालपर्यंत चालणारा गठ्ठा आज अडतो. इलाज दोन आहेत. मायक्रोसॉफ्टचं रीडिस्ट्रिब्युटेबल (हा रनटाइम टाकून देणारा त्यांचा तयार प्रोग्रॅम) आपल्या इन्स्टॉलरमधूनच चालवायचं, किंवा त्या डीएलएल आपल्या ईएक्सईच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या मुख्य फाइलच्या, शेजारी ठेवायच्या. दुसऱ्या पद्धतीला मायक्रोसॉफ्टची परवानगी आहे आणि ॲडमिन पासवर्ड लागत नाही, म्हणून मी तीच वापरतो. तोटा असा की शेजारी ठेवलेली प्रत विंडोज अपडेट कधी बदलत नाही. ती जबाबदारी आपल्या गळ्यात पडते.

नाव 'एपीआय-एमएस-विन-कोर-पाथ' असं सुरू होत असेल, तर समोर विंडोज ७ आहे आणि तुम्ही पायथॉन ३.९ किंवा पुढच्याने गठ्ठा बांधलाय. इथे कुठलीही डीएलएल आणून टाकायची नाही. ती टाकून प्रोग्रॅम उघडल्यासारखा दिसला तरी नंतर कुठे आपटेल याचा नेम नाही. विंडोज ७ वर चालणारी पायथॉनची शेवटची मालिका ३.८. स्वतः विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, पायथॉन ३.८ चा ऑक्टोबर २०२४ मध्ये. तरी वजनकाट्याला जोडलेला, नेट कधी न पाहिलेला जुना पीसी कुणी लेबलसाठी बदलणार नाही. अशांसाठी मी ३.८ वर बांधलेला वेगळा गठ्ठा ठेवतो आणि फोल्डरच्या नावातच 'जुना' असं लिहितो, म्हणजे तो चुकून नव्या पीसीवर जात नाही.

'एपीआय-एमएस-विन-सीआरटी' असं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. नावं जुळ्या भावांसारखी दिसतात, पण हा युनिव्हर्सल सी रनटाइम. विंडोज १० मध्ये तो मुळातच असतो. ७ आणि ८.१ ला केबी२९९९२२६ हे अपडेट टाकावं लागतं.

आणि खिडकीत डीएलएलचं नावच नसेल, नुसता ०एक्ससी०००००७बी असा आकडा असेल, तर लायब्ररी सापडलेली आहे, पण बहुतेक वेळा चुकीच्या बिटची. ६४-बिट प्रोग्रॅमच्या हाती ३२-बिट डीएलएल लागली किंवा उलट. याच्या मुळाशी जवळपास नेहमी कोणी तरी हाताने सिस्टम३२ मध्ये टाकलेली फाइल असते. त्यात विंडोजची गंमत अशी की ६४-बिट फाइल सिस्टम३२ मध्ये राहतात आणि ३२-बिट फाइल सिसवॉव६४ मध्ये. हाताने टाकणारा माणूस नावावरून जातो आणि नेमका उलटा फसतो. डीएलएल फुकट देणाऱ्या साइटींपासून लांब राहायला सांगतो त्याचं एक कारण हे. दुसरं सरळ आहे: ती फाइल कोणी बांधली, तिच्यात काय घातलं, कुणालाच ठाऊक नसतं.

यादीत असलेल्या आणि यादीत नसलेल्या

इथपर्यंतचं दुखणं सोपं, कारण ते निदान ओरडून सांगतं. खरा त्रास न ओरडणाऱ्या लायब्ररींचा.

प्रत्येक ईएक्सई आणि डीएलएलच्या पोटात एक यादी असते: मला अमुक डीएलएल लागतात. प्रोग्रॅम सुरू होताना विंडोज ती यादी वाचून एकेक शोधतं. आधी ईएक्सईच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, मग सिस्टम३२ आणि विंडोजच्या फोल्डरमध्ये, सगळ्यात शेवटी पाथमध्ये (विंडोजच्या सेटिंगमधली फोल्डरांची यादी) लिहिलेल्या जागांमध्ये. यादीतली एखादी नाही मिळाली तर पांढरी खिडकी. पायइन्स्टॉलरसारखी बांधणीची साधनं हीच यादी वाचतात आणि तिच्यातलं सगळं गोळा करतात. डिपेंडन्सीज नावाचं एक ओपन सोर्स साधन आहे, जुन्या डिपेंडन्सी वॉकरच्या वळणाचं. त्यात ईएक्सई टाकली की ही यादी झाडासारखी उलगडून दिसते, हरवलेलं लाल दिसतं.

पण काही लायब्ररी यादीत नसतातच. प्रोग्रॅम चालू असताना मध्येच 'अमुक मिळते का बघ' असं विचारतो. मिळाली तर वापरतो, नाही मिळाली तर तिच्यावाचून पुढे जातो. बांधणीच्या साधनाला त्यांचा पत्ता लागत नाही, डिपेंडन्सीजमध्येही त्या दिसत नाहीत. आपल्या मराठी माणसांना यातली एक नेमकी नडते.

'सर, निफाडचं नफिाड छापतंय'

प्रोग्रॅम उघडतो. खिडकी नाही, एरर नाही. लेबल छापून येतं, बारकोड स्कॅन होतो. फक्त गावाच्या जागी 'नफिाड', जिल्ह्याच्या जागी 'नाशकि', आणि सिन्नरमधल्या जोडाक्षराचा पाय मोडून न आणि न वेगवेगळे उभे. ह्रस्व इकार असलेलं प्रत्येक नाव बिघडतं, आणि आपल्या जिल्ह्यात दिंडोरी, निफाड, सिन्नर, पिंपळगाव, सगळीकडे तो इकार आहेच. सुपरवायझर सांगतो, 'अक्षरं फुटतात.' पहिला संशय फाँटवर जातो. फाँट बदलून बघतात, तरी फुटतात.

दोष फाँटचा नसतो. युनिकोडमध्ये 'नि' साठवताना न आधी येतो आणि इकार नंतर. छापताना मात्र इकार न च्या डावीकडे बसवावा लागतो. हे अक्षरं मांडण्याचं काम हार्फबझ ही लायब्ररी करते. पायथॉनमध्ये चित्रावर अक्षरं काढायला आपण पिलो वापरतो. पिलो हे काम रॅक्म नावाच्या लायब्ररीकडे सोपवतं, आणि रॅक्म हार्फबझ आणि फ्रीबिडी अशा दोघींच्या जिवावर चालते. फ्रीबिडीचं काम उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांचं. मराठीला ती थेट लागत नाही, पण तिच्याशिवाय रॅक्मच चालू होत नाही.

आता मेख बघा. पिलोच्या तयार व्हीलमध्ये (पिप उतरवतं ते बांधलेलं पॅकेज) ८.२.० पासून रॅक्म आणि हार्फबझ सोबत येतात. फ्रीबिडी येत नाही. ती चालू असताना मशीनवर शोधली जाते. सापडली तर रॅक्म चालू, नाही सापडली तर पिलो गुपचूप साध्या मांडणीवर उतरतं. साधी मांडणी म्हणजे युनिकोडच्या क्रमाने एकापुढे एक अक्षर. इंग्रजीला ते पुरतं, म्हणून जगभरातल्या बहुतेकांना यात काही बिघडलंय असं वाटतच नाही. लिनक्सच्या डेस्कटॉपवर फ्रीबिडी बहुधा असतेच. विंडोजवर डेव्हलपरने एमएसवायएस२ सारखं काही (लिनक्सच्या धाटणीची साधनं आणि लायब्ररी देणारा संच) टाकून पाथमध्ये घातलं असेल, तर तिथली फ्रीबिडी सापडते आणि त्याच्या लॅपटॉपवर निफाड निफाडच राहतं. पॅकहाऊसच्या कोऱ्या विंडोजवर ती कुठून येणार?

तपासायचं असं: पिलोच्या फीचर्स मॉड्यूलमधलं चेक हे फंक्शन 'रॅक्म' हे नाव देऊन चालवा. उत्तर ट्रू आलं तर मांडणी नीट होईल. पण हे अडलेल्या पीसीवरच, बांधलेल्या प्रोग्रॅमच्या आतून चालवलं पाहिजे. आपल्या लॅपटॉपवर ट्रू आलं याला काही अर्थ नाही. मी प्रोग्रॅमच्या 'माहिती' खिडकीत ही एक ओळ कायमची ठेवली आहे: मांडणी चालू किंवा बंद. फोनवर सुपरवायझरला तेवढं वाचून दाखवायला सांगितलं की निदान झालं.

इलाज म्हणजे फ्रीबिडी डीएलएल ईएक्सईच्या अगदी शेजारी ठेवणं. पायइन्स्टॉलर ६ पासून बाकी सगळ्या फाइल '_इंटर्नल' या आतल्या फोल्डरमध्ये जातात. फ्रीबिडी मी मुद्दाम बाहेर, ईएक्सईच्याच फोल्डरमध्ये ठेवतो, कारण शोधाचा पहिला मान त्या फोल्डरला आहे. तयार डीएलएल एमएसवायएस२ मध्ये मिळते. तिथे तिचं नाव लिबफ्रीबिडी-० असं असतं आणि पिलो तेही ओळखतं. प्रोग्रॅम ६४-बिट असेल तर डीएलएल ६४-बिटच हवी. तिला स्वतःला आणखी कुठल्या डीएलएल लागतात का, ते डिपेंडन्सीजमध्ये उघडून बघा आणि लागत असतील तर त्याही शेजारी ठेवा. ही कॉपी हाताने करू नका. बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ घाला, नाहीतर पुढच्या आवृत्तीला विसरलीच म्हणून समजा.

यावर एक युक्ती आहे, आणि ती मला सगळ्या इलाजापेक्षा मोलाची वाटते. पिलोला मजकूर काढायला सांगताना भाषा हा पर्याय देता येतो. तिथे मराठीचा 'एमआर' हा कोड द्या. रॅक्म नसेल तर पिलो आता गप्प बसत नाही, सरळ एरर देऊन थांबतं. चुकीच्या लेबलांचा रोल छापून क्रेटवर चिकटण्यापेक्षा प्रोग्रॅम अडलेला बरा. शिवाय ज्या फाँटमध्ये ल आणि श यांचे मराठी आकार वेगळे दिलेले असतात, त्यात या कोडमुळे हिंदीऐवजी मराठी वळणाचे ल-श येतात. एका पर्यायात दोन्ही कामं.

फाँटही सोबतच द्या. 'विंडोजमध्ये मंगल असतोच' यावर विसंबू नका. आणि मंगल मायक्रोसॉफ्टचा आहे, तो आपल्या गठ्ठ्यात घालून वाटता येत नाही. नोटो सॅन्स देवनागरी ओपन फाँट लायसन्सखाली आहे, प्रोग्रॅमसोबत बांधून द्यायला त्यात मुभा आहे.

क्यूटीची खिडकी

याच जातीचा दुसरा प्रसिद्ध नमुना. क्यूटीवर (प्रोग्रॅमच्या खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) बांधलेला प्रोग्रॅम 'प्लॅटफॉर्म प्लगइन सुरू करता आलं नाही' म्हणून थांबतो. क्यूटी स्क्रीनवर चित्र काढण्यासाठी क्यूविंडोज नावाची डीएलएल 'प्लॅटफॉर्म्स' या उपफोल्डरमधून चालताना मागवतं. ती यादीत नसते, त्यामुळे हाताने गोळा करणाऱ्याच्या नजरेतून सुटते. विंडिप्लॉयक्यूटी हे क्यूटीसोबतच येणारं साधन ईएक्सईवर चालवा, ते उपफोल्डरसकट सगळं मांडून देतं. तरी अडलं तर क्यूटी_डीबग_प्लगइन्स हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून द्यायची सेटिंग) १ करून प्रोग्रॅम चालवा. कुठे शोधलं आणि का नाकारलं, सगळं छापून येतं. लिनक्सवर क्यूटी ६.५ पासून एक्ससीबी-कर्सर ही जादा लायब्ररी लागते, तिथेही हीच खिडकी दिसते.

लिनक्सवाल्यांचं दुखणं वेगळं

शहरातल्या एका कॉलेजच्या लॅबला हाच प्रोग्रॅम उबुंटूवर हवा होता. लॅपटॉपवर उबुंटू २४.०४, लॅबमध्ये २०.०४. निकाल: 'जीलिबसी_२.३८ सापडत नाही.' जीलिबसी ही लिनक्सची मूळ सी लायब्ररी, जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यावर उभा असतो. २०.०४ मध्ये जीलिबसी २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५, २४.०४ मध्ये २.३९. नव्या जीलिबसीवर बांधलेलं जुन्यावर चालत नाही, जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं. इथे जीलिबसीच सोबत बांधून देण्याचा मोह होतो. करू नका. तिच्यासोबत तिचा लोडर (लायब्ररी शोधून मेमरीत आणणारा भाग) जुळवावा लागतो आणि एकदा का दोन जीलिबसींची सरमिसळ झाली की प्रोग्रॅम असा कोसळतो की कारण सापडता सापडत नाही. इलाज साधा आणि कंटाळवाणा: तुम्हाला जी सगळ्यात जुनी सिस्टीम सांभाळायची आहे, तिच्यावर बांधणी करा. कंटेनरमध्ये (आपल्याच मशीनवर वेगळी चालणारी छोटी सिस्टीम) २०.०४ घ्या, तिथे बांधा. पायथॉनचे लिनक्स व्हील याच तत्त्वावर निघतात. मेनीलिनक्स२०१४ या व्हीलच्या मानकाचा पाया जीलिबसी २.१७ चा आहे.

कुठल्या लायब्ररी कुठून उचलल्या जातायत हे एलडीडी ही कमांड दाखवते. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलवर एलडीडी चालवू नका, काही वेळा ते ती फाइल प्रत्यक्ष चालवतं. नुसती यादी हवी असेल तर रीडएल्फ पुरे.

स्वतःच्या लायब्ररी 'लिब' फोल्डरमध्ये ठेवून ईएक्सईला 'डॉलर ओरिजिन' असलेला रनपाथ (लायब्ररी ईएक्सईच्या फोल्डरपासून शोध, असं सांगणारी नोंद) दिला की बहुतेकांना काम झालं असं वाटतं. रनपाथ फक्त थेट मागितलेल्या लायब्ररीला लागू होतो. त्या लायब्ररीने पुढे जी मागितली, तिला नाही. म्हणून सोबत दिलेल्या प्रत्येक लायब्ररीवर पॅचएल्फ चालवून तिचाही रनपाथ लावावा लागतो. 'मुख्य लायब्ररी सापडली पण तिची पोटलायब्ररी सापडेना' अशी तक्रार आली तर पहिल्यांदा हेच बघा.

पायइन्स्टॉलरचा एक खास त्रासही नोंदवून ठेवतो. लिनक्सवर तो आपल्या फोल्डरचा रस्ता एलडी_लायब्ररी_पाथमध्ये (लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारं व्हेरिएबल) घालून प्रोग्रॅम सुरू करतो. आपल्या प्रोग्रॅममधून पीडीएफ उघडायला बाहेरचा व्ह्यूअर बोलावला की तोही तोच रस्ता घेऊन जन्माला येतो, आपल्या गठ्ठ्यातल्या लायब्ररी उचलतो आणि कोसळतो. लेबल बरोबर, प्रोग्रॅम बरोबर, आणि पीडीएफ व्ह्यूअर मरतोय, असं चित्र दिसतं. मूळ किंमत 'ओरिग' शेपूट लावलेल्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवलेली असते. बाहेरचा प्रोग्रॅम बोलावण्याआधी ती परत लावा.

ॲपइमेज हा लिनक्सवरचा मला सगळ्यात आवडता मार्ग, एक फाइल, चालवायची परवानगी द्या, उघडा. पण उबुंटू २२.०४ पासून लिबफ्यूज२ आपोआप येत नाही आणि जुन्या पद्धतीने बांधलेल्या ॲपइमेजला ती लागते. सगळं सोबत घेऊन येणारा गठ्ठाच एका लायब्ररीवाचून दारात अडतो, याला काय म्हणावं! लिबफ्यूज२ टाका (२४.०४ वर तिच्या नावाला टी६४ जोडलेलं आहे). घाईत 'फ्यूज' नावाचं पॅकेज टाकू नका, ते फ्यूज३ काढून टाकतं आणि त्याच्यासोबत डेस्कटॉपचे भागही जाऊ शकतात. काहीच टाकायची परवानगी नसेल तर ॲपइमेजला 'उलगड आणि चालव' हा पर्याय देता येतो. बांधणारे तुम्हीच असाल तर नवा स्टॅटिक रनटाइम वापरा, मग हा प्रश्नच राहत नाही.

काय सोबत घ्यायचं नाही

विंडोजची स्वतःची सिस्टम डीएलएल, लिनक्सची जीलिबसी आणि ग्राफिक्स ड्रायव्हरशी बोलणाऱ्या लायब्ररी त्या त्या मशीनच्याच वापरायच्या. बाकीचं घेतानाही एक गोष्ट डोळ्यासमोर ठेवा: जी लायब्ररी सोबत घेतली, तिच्या दुरुस्तीची राखण तुमच्याकडे आली.

डेबियन या लिनक्सचे लोक सोबत बांधलेल्या लायब्ररींवर नाक मुरडतात, फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्ये तर २०१५ पर्यंत त्याला मनाईच होती. त्यांची बाजू रास्त आहे. सिस्टीमची एक लायब्ररी दुरुस्त केली की तिच्यावरचे सगळे प्रोग्रॅम दुरुस्त होतात. सोबत बांधलेल्या प्रती मात्र जिथल्या तिथे कुजत राहतात. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रांच्या लायब्ररीत गंभीर भोक सापडलं. ती क्रोममध्ये होती, फायरफॉक्समध्ये होती, इलेक्ट्रॉनवर बांधलेल्या असंख्य प्रोग्रॅमच्या पोटात होती, आणि पिलोच्या व्हीलमध्येही. पिलोने १०.०.१ काढून आतली लिबवेबपी १.३.२ केली. पण ज्यांनी त्याआधीचं पिलो आपल्या गठ्ठ्यात बांधून वाटलं होतं, त्यांच्या गिऱ्हाइकांकडे तीच जुनी प्रत राहिली. लेबल छापणाऱ्या, बाहेरचं चित्र कधी न उघडणाऱ्या, नेट नसलेल्या पीसीला यातून फार धोका नाही, हे मान्य. तुमचा प्रोग्रॅम लोकांनी पाठवलेले फोटो उघडत असेल तर हिशेब बदलतो. माझा मधला मार्ग: गठ्ठ्यात एक साधी मजकूर फाइल, प्रत्येक लायब्ररीचं नाव आणि आवृत्ती. बातमी आली की कोणत्या गठ्ठ्यात ती आहे ते लगेच कळतं. आणि प्रोग्रॅमला नेटशी काम नसेल तर पायथॉनचं एसएसएल मॉड्यूल आणि त्याच्यासोबतचं ओपनएसएसएल (नेटवरच्या सुरक्षित जोडणीची लायब्ररी) गठ्ठ्यातून काढूनच टाका. जे दिलंच नाही त्याची राखण नको.

त्याच फाइलच्या शेजारी लायसन्सचे मजकूरही ठेवा. हार्फबझ आणि रॅक्म एमआयटी वळणाच्या मोकळ्या लायसन्सवर आहेत. फ्रीबिडी आणि बहुतेक क्यूटी एलजीपीएलखाली: वापरणाऱ्याला ती लायब्ररी बदलून आपली लावता आली पाहिजे, आणि दिलेल्या आवृत्तीचा सोर्स मागितला तर मिळाला पाहिजे. वेगळी डीएलएल फोल्डरमध्ये उघडी ठेवली की पहिली अट आपोआप पाळली जाते.

सगळं एकाच ईएक्सईत कोंबणारा वनफाइल पर्याय मी टाळतो त्याचं हे एक कारण. बाकीची कारणं जास्त रोजची आहेत. वनफाइल दर वेळी सगळं टेम्प फोल्डरमध्ये उलगडतं, त्यामुळे जुन्या हार्ड डिस्कवर उघडायलाच वेळ लागतो. वीज गेली की उलगडलेलं तिथेच पडून राहतं आणि सी ड्राइव्ह भरत जातो. अँटीव्हायरसला अशा ईएक्सईचा उगाच संशय येतो. त्यात यूपीएक्सने दाबलेल्या डीएलएल असतील तर संशय दुप्पट. ते बंदच ठेवा.

देण्याआधी कोऱ्या मशीनवर

आपल्या लॅपटॉपवरची चाचणी ही चाचणीच नव्हे, तिथे सगळं आधीपासून असतं. विंडोज १० किंवा ११ प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स चालू करा. दर वेळी कोरं विंडोज मिळतं आणि बंद केलं की पुसलं जातं. होम आवृत्तीत तो नाही, तिथे व्हर्च्युअलबॉक्समध्ये नुकतं टाकलेलं विंडोज ठेवा. जुन्या पीसीसाठीचा गठ्ठा विंडोज ७ वरच तपासायचा, दुसरा मार्ग नाही. लिनक्ससाठी उघडाबोडका कंटेनर पुरतो.

चाचणीचं लेबल ठरवून ठेवा. माझ्याकडे त्यात नाशिक, निफाड, सिन्नर, त्र्यंबकेश्वर, पिंपळगाव बसवंत ही गावं आहेत, शिवाय रफारासाठी 'सूर्यवंशी', अर्ध्या र साठी 'शेतकऱ्याचे' आणि जोडाक्षरांसाठी 'क्षेत्र'. हे आठ शब्द कागदावर नीट उतरले की बाकीच्या मराठीची चिंता नाही. स्क्रीनवर पाहून समाधान मानू नका, थर्मल प्रिंटरवर छापून पाहा. प्रिंटरचा ड्रायव्हर अक्षरं स्वतः काढत असेल तर स्क्रीन वेगळं सांगते आणि कागद वेगळं. म्हणून मी मजकूर चित्र करूनच पाठवतो.

आणि नवी आवृत्ती देताना जुन्या फोल्डरवर नवा फोल्डर कॉपी करू देऊ नका. नव्या गठ्ठ्यात नसलेल्या जुन्या डीएलएल तिथेच मागे राहतात, शोधाचा पहिला मान त्यांनाच मिळतो, आणि मग जे अडतं ते सँडबॉक्समध्ये कधीच दिसत नाही. जुना फोल्डर आधी पूर्ण काढायला सांगा. त्यासाठी शेतकऱ्यांची यादी आणि प्रिंटरची सेटिंग प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये असता कामा नयेत. ती विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे सुपरवायझर न घाबरता अख्खा फोल्डर डिलीट करतो.